सुतळीने आलेलं माप

व्हीलचेअर विकत घ्यायला जो दुकानात येतो, तो बहुधा त्या खुर्चीत बसणारा नसतो. चप्पल घ्यायला माणूस स्वतः येतो, चष्मा करायलाही स्वतः येतो. खुर्चीत बसणारा मात्र घरी खाटेवर असतो आणि त्याच्या वतीने मुलगा, जावई, भाऊ, कधी गावातला एखादा उत्साही कार्यकर्ता येतो. तो चाक फिरवून बघतो, ब्रेक ओढून बघतो आणि हमखास स्वतः बसून बघतो. "एकदम आरामशीर शे," म्हणतो आणि भाव विचारतो. धुळ्यात तीस वर्षं सर्जिकल सामानाचं दुकान चालवताना मी हे इतक्यांदा पाहिलं, की अशा माणसाला उठवायचं माझं एक वाक्यच ठरून गेलं होतं. मी म्हणायचो, "भाऊ, तुमच्या पायात जोर आहे म्हणून ती आरामशीर आहे. ज्याला बसायचंय त्याचं सांगा."

ज्याची कमरेखालची जाणीव गेली आहे, त्याला बसून बसून दुखलं हे कळत नाही. आपण दिवसभरात शंभरदा कूस बदलतो, बसल्या जागी सरकतो. दुखणं ते आपल्याकडून करवून घेतं. दुखणंच गेलं की माणूस तासन्‌तास एका जागी बसून राहतो आणि हाडाखालच्या कातडीला रक्त पोचत नाही. ती मरायला लागते. आधी लाल होते, मग फाटते, मग आत खड्डा पडत जातो. पाठीच्या दुखापतीतून वाचलेली माणसं पुढे या जखमेने गेलेली मी पाहिली आहेत. म्हणून खुर्ची मापाची हवी. फार रुंद असली तर शरीर एका अंगाला कलतं, हात चाकापर्यंत नीट पोचत नाहीत. अरुंद असली तर मांड्या घासतात. कमरेच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंना एकेक बोट जास्त, एवढीच जागा हवी. दुकानात आणि फुकट वाटपाच्या शिबिरांत सर्रास मिळते ती अठरा इंच बैठकीची. आमच्याकडच्या शेतात राबणाऱ्या बहुतेक बायकांना सोळा इंच लागते.

महाग खुर्चीच हवी असंही नाही. लोखंडी नळीची, घडी होणारी, साधी खुर्ची मापाची असली आणि तिच्यावर कडक स्पंजाची नीट गादी असली, तर वर्षानुवर्षं चालते. हे सांगितलं की गिऱ्हाइकाला उलट संशय यायचा, की दुकानदार स्वस्तातली वस्तू का गळ्यात मारतोय. नरडाण्याच्या एका कारखान्यातले गृहस्थ वडिलांसाठी खुर्ची घ्यायला आले होते. त्यांनी खुर्चीकडे बराच वेळ पाहून विचारलं, "वडिलांचे पायच कामाचे नाहीत, तर या खालच्या पायपट्ट्या काढून घ्या आणि तेवढे कमी करा ना!" ते थट्टा करत नव्हते. पाय लोंबकळले की सगळा भार मागे बसण्याच्या हाडांवर जातो, हे समजावताना माझा घसा कोरडा पडला. शेवटी त्यांना माझ्या पत्नीने समजावलं. ती म्हणाली, "भाऊ, झोपाळ्यावर पाय अधांतरी ठेवून तासभर बसून दाखवा, मग मी पट्ट्या काढून देते." ते पट्ट्यांसकट घेऊन गेले.

माझ्या पत्नीचं नाव मंगल. गिऱ्हाइकं तिला अक्का म्हणत. दुकानाचा जो भाग वाचायचा, लिहायचा, कंपन्यांशी पत्रव्यवहाराचा, तो माझा. मी गल्ल्याजवळ पुस्तक उघडून बसायचो. बायकांची मापं ती घ्यायची. मागच्या बाजूला पडदा लावून एक खाट टाकली होती. अंगाला हात न लावता माप घ्यायची तिची एक युक्ती होती. माझ्या शब्दकोशाचे दोन जाड खंड ती बाईच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना चिकटवून उभे करायला लावायची आणि पुस्तकांमधलं अंतर टेपने मोजायची. बाई लाजायची नाही आणि माप चुकायचं नाही. मग ती बाहेर येऊन माझ्याकडे न बघता आकडे सांगायची, मी लिहून घ्यायचो. जी बाई येऊ शकत नसे तिच्या घरी ती एसटीने जायची. पिशवीत ते दोन खंड असायचे. घराच्या दारांचं मापही तीच आणायची, कारण खुर्ची दारातून गेली नाही तर मापाची असून उपयोग काय, असं तिचं म्हणणं.

गेल्या वर्षी मंगल गेली. त्याबद्दल मी इथे जास्त लिहू शकणार नाही. दीड महिना दुकान बंद होतं. उघडल्यावर पडद्यामागची खाट मी तशीच ठेवली, पण बायकांसाठी कुणी चौकशी केली तर दुसऱ्या दुकानाचा पत्ता द्यायचो.

संजयला मात्र पत्ता देता आला नाही. तो भडगावकडच्या एका खेड्यातला, पस्तिशीचा शेतकरी. गिरणेच्या काठी थोडी केळी, थोडा कापूस. त्याची बायको रेखा घराच्या धाब्यावर, सपाट छतावर, मिरच्या वाळत घालताना कठड्यावरून अंगणात पडली होती. पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन धुळ्यातच झालं होतं आणि तिथल्या वॉर्डात कुणीतरी सांगितलं होतं, की खुर्ची घ्यायची तर अक्कांकडूनच घे. अक्का नाहीत हे त्याला माझ्याकडून कळलं. त्याने खिशातून सुतळी काढली. तिला दोन गाठी मारल्या होत्या.

"हाई माप शे, काका. कंबरनं. मी सोता लिधं."

मी सुतळी टेपला लावली. साडेसतरा इंच भरले.

"बाई अंगाने कशा आहेत?"

"बारीक शे. आते ते आखो वाळी गयी."

बारीक बाईची कंबर रुंदीला साडेसतरा भरत नाही, हे मला त्या क्षणी कळलं होतं. माप गोधडीसकट घेतलं असणार. मी म्हणालो, "सोळाची लागेल असं वाटतंय. एकदा मोजायला हवं."

"काका, मोठीच द्या. खाले गोधडी टाकसूत. लुगडं ऱ्हास, थंडीमा शाल ऱ्हास. जरा ऐसपैस पाहिजे."

मंगल असती तर त्याला चहा पाजून, बसवून, पाच प्रश्न विचारले असते. खाली काय टाकता, खुर्ची कुठे ठेवणार, दारं केवढी, खाटेवरून खुर्चीत कोण बसवणार, दिवसा घरी कोण असतं. ते पाचही प्रश्न मला पाठ होते. दुकानात अठराची तयार होती, सोळाची मागवावी लागली असती. त्या खेड्यात जाऊन एका परक्या बाईचं माप घेणं माझ्याच्याने होईल असं मला वाटलं नाही. मी म्हणालो, "चालेल." एवढंच म्हणालो. गादीबद्दल बोललो, पण त्याने गोधडी आहे म्हटल्यावर पुन्हा आग्रह धरला नाही.

तीन आठवड्यांनी दुपारी दुकानातला फोन वाजला.

"काका, मी रेखा बोलते. संजय पाटलांच्या घरून. ती खुर्ची बदलून मिळेल का?"

आवाज स्वच्छ होता. बोलणं शहरातलं. तिचं माहेर जळगावचं आणि शिक्षण बारावीपर्यंत, हे मला नंतर कळलं.

"काय अडचण आहे?"

"मोठी आहे. आतल्या दारातून जात नाही. ओसरीवरच राहते."

"मग तुम्ही ओसरीवर बसता का?"

मागे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"बसते थोडा वेळ."

मंगल विचारायची तो प्रश्न मी विचारला. "ताई, मागे, बसायच्या जागी, कुठे लाल झालंय का?"

"मला कसं कळणार, काका? मला तिथे काही लागतच नाही."

"संजयभाऊ आहेत का घरी?"

"आत्ताच आले."

"त्यांना बघायला सांगा. लाल दिसलं तर बोटाने दाबायचं आणि सोडायचं. दाबल्यावर पांढरं पडून परत लाल झालं तर ठीक. पांढरं पडलंच नाही, तर मला सांगा. मी फोन धरून थांबतो."

फोन कुठेतरी ठेवला गेला. खाट करकरली. संजय काहीतरी हळू बोलला, ती म्हणाली, "दाब ना जोरमा, माले काय व्हस?" दुकानात कंबरपट्टा मागायला एक म्हातारे आले होते, त्यांना मी हाताने थांबवलं. मग संजय फोनवर आला.

"काका, आडव्या रेघा शेतस. गोधडीना टाका उमटेल शेतस. आनि एक जागा दाबी ते पांढरी व्हतच नही."

"कातडी सलग आहे की फाटलीय?"

"दहाना शिक्कावढी जागा शे. मधमा जरासा वल्लं लागस."

ओलं, म्हणजे कातडी फाटली होती. मी त्याला सांगितलं, की आता खुर्ची नाही, जमीन नाही, गोधडी नाही. पोटावर झोपवा आणि आजच्या आज डॉक्टरला दाखवा. मी सकाळी येतो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की कंबरपट्टा मागायला आलेले म्हातारे अजून उभेच होते आणि माझा हात अजून वर होता.

सकाळी मालाच्या टेम्पोत सोळा इंची खुर्ची आणि स्पंजाची गादी टाकली. खुर्ची ओळखीच्या व्यापाऱ्याकडून उसनी आणली होती. शब्दकोशाचे दोन खंड पिशवीत घातले, ते घालताना हात थांबला. पारोळ्यावरून भडगावकडे वळेपर्यंत ड्रायव्हर बोलत होता.

घर चांगलं होतं. पुढे ओसरी, मग मधलं घर, मग स्वयंपाकघर. ओसरीवर माझी अठरा इंची खुर्ची होती. तिच्यावर धुतलेला टॉवेल अंथरलेला होता आणि तिच्यात सत्तरीचे एक ताठ गृहस्थ बसून पेपर वाचत होते. संजयचे वडील. सगळं गाव त्यांना आबा म्हणे.

"या, शेठ," आबा म्हणाले. "पानी लय रे, संजू."

मी खुर्चीकडे बघत राहिलो. ते त्यांच्या लक्षात आलं. "तिले जमनी नही," ते म्हणाले, "फुकट पडी ऱ्हायनी, म्हनीसन मी बसस."

संजय मला आत घेऊन गेला. मधल्या घरात खाटेवर रेखा पोटावर झोपलेली होती, हनुवटीखाली उशी, अंगावर चादर, डोक्यावर पदर. आदल्या संध्याकाळी भडगावला डॉक्टरने पट्टी केली होती. तीस वर्षांची असेल. मी तिला विचारलं, की दिवसाचे किती तास खुर्चीत बसत होता. तिने दाराकडे बघून हळू सांगितलं.

"आबा शेतात गेले की बसते. ते यायला लागले की खाली उतरते."

"खाली म्हणजे?"

"जमिनीवर. घसरत घसरत येते. हातात जोर आहे ना. पण वर चढता येत नाही, हे शेतातून येईपर्यंत तशीच बसते, गोधडीवर."

"दिवसातून किती वेळा?"

"ह्यांनी वर बसवलं आणि ते खाकरले, की तेवढ्या वेळा."

हे बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. आमच्याकडे वडीलधारा पुरुष घरात शिरायच्या आधी खाकरतो. आत सुना असतात, त्यांना पदर सावरायला, उठून उभं राहायला अवकाश मिळावा म्हणून. न खाकरता आत जाणं असभ्य. आणि सासऱ्यासमोर सून खुर्चीवर बसत नाही. तो उभा असेल तर नाहीच, तो बसला असेल तरी ती खालीच बसणार. हे तिला कुणी दरडावून सांगितलं नव्हतं. पाय गेले तरी रीत पायांवर अवलंबून नव्हती. खुर्ची आतल्या दारातून गेली असती, तर ती मधल्या घरात, स्वयंपाकघरात बसली असती, तिथे आबा सहसा येत नसत. खुर्ची रुंद म्हणून ओसरीवर अडकली. ओसरी आबांची. त्यामुळे दिवसातून दोन-तीन वेळा ती आपलं जाणीव नसलेलं शरीर लोखंडी पट्टीवरून, गोधडीच्या टाक्यांवरून खाली ओढत होती. आबा बिचारे सुनेला मान देण्यासाठी खाकरत होते.

"आबांना सांगितलं का कुणी?"

रेखा हसली. "आबा आणि मी बोलत नाही, काका. म्हणजे भांडण नाही. नऊ वर्षांत बोललोच नाही. चहा हवा असला की ते हवेत बघून म्हणतात, चहा व्हई का. मी करते."

मी संजयकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. बायकोच्या अंगावरच्या अशा जागेची गोष्ट बापाला कशी सांगायची, हे त्याला ठाऊक नव्हतं. सासू पूर्वीच वारलेली. सांगणारं घरात कुणीच नव्हतं. हे काम मंगलचं होतं. ती चुलीशी बसून एखाद्या म्हाताऱ्या बाईच्या कानात सांगायची आणि तिथून ते योग्य त्या माणसापर्यंत पोचायचं.

मी ओसरीवर गेलो. संजय दारातच थांबला.

"आबा, बाईंना जखम झाली आहे. बसून झालेली."

"कथी?"

"बसण्याच्या जागी."

"कोनती जागा? नीट सांगा ना, शेठ."

मी आयुष्यभर पुस्तकं वाचली. त्या क्षणी मला जेवढे शब्द आठवले ते सगळे छापील होते. मग मी म्हणालो, "ढुंगणावर. हाडापर्यंत गेली तर जीव जाऊ शकतो."

आबांनी पेपर खाली ठेवला. त्यांचा चेहरा तांबडा झाला. "शेठ, तुम्ही खुर्च्या इकाले येतस का बायासना डाग देखाले?"

"मी खुर्ची चुकीची दिली. त्याचं बोलायला आलोय."

"मंग हाई ली जा आनि दुसरी द्या. आमना घरमा तिले कोनी काही बोलस का? इचारा तिले! कोनी म्हनी का, खाले बस?"

"कुणी म्हटलं नाही. तुम्ही खाकरता, तेव्हा ती खुर्चीतून खाली उतरते. स्वतःला ओढत. दर वेळी तिथली कातडी जाते."

आबा एकदम उठले, जणू खुर्ची तापली होती. टॉवेल खाली पडला. त्यांनी खुर्चीचा दांडा धरला. मग म्हणाले, "मी खाकरू नही ते काय चोरना मायक सोताना घरमा घुसू?"

त्यांनी चपला घातल्या आणि ते शेताच्या दिशेने निघून गेले. संजय त्यांच्या मागे चार पावलं गेला आणि परत आला.

मग मी जे तीन आठवडे आधी करायला हवं होतं ते केलं. शब्दकोशाचे खंड रेखाच्या हातात दिले, तिने ते चादरीवरून स्वतःच कमरेशी लावले, संजयने टेप धरला. साडेचौदा इंच. सोळाची बैठक बरोबर. आतली दोन्ही दारं पंचवीस इंच, नवी खुर्ची चाकांसकट चोवीस. जाणार होती. मी रेखाला म्हणालो, "चूक माझी आहे. मी माप घ्यायला आलो असतो, तर हे झालं नसतं."

तिने थोडा विचार केला. "खुर्ची आत गेली असती, हे खरं. पण आबा मधल्या घरात आले असते, तर मी तिथेही उतरलेच असते, काका. तुम्ही खुर्ची मोजायला आला असता. आबांना कुठे मोजणार होता?"

नवी खुर्ची तिथेच ठेवून आलो, पण घडी करून, दोरीने बांधून. जखम पूर्ण भरेपर्यंत बसायचं नाही, अशी डॉक्टरचीही सक्त ताकीद होती. अठराची परत आणली.

पुढचे दोन महिने मी रोज संध्याकाळी सातला फोन करायचो. ते माझ्या धंद्यात बसत नाही, पण सात वाजता मंगल आणि मी दुकान आवरायचो आणि त्या वेळेला हाताला काहीतरी हवं असायचं. संजय एकाच शब्दात सांगायचा. दहाचा शिक्का. दहाचा शिक्का. रुपया. मी पुस्तकावर पेन्सिलने शिक्क्याएवढं वर्तुळ काढून बघायचो. एका संध्याकाळी तो म्हणाला, "काका, आज वास ई ऱ्हायना. तिले ताप शे."

त्या रात्री तिला जळगावला नेलं. मेलेलं मांस कापून काढलं. आत खड्डा होता, वरून दिसत होता त्यापेक्षा मोठा. डॉक्टर म्हणाले, हाडाला लागलं असेल तर पुढचं सांगता येत नाही. चार दिवस संजयचा फोन लागेना. लागला तेव्हा तो बोलायच्या आधी त्याच्या श्वासावरून काही कळतंय का, हे मी बघत होतो. हाड वाचलं होतं. मी गल्ल्यावर डोकं टेकलं. समोर काठी घ्यायला आलेली बाई म्हणाली, "भाऊ, बरं वाटत नाही का?"

मग पुन्हा आकडे कमी होत गेले. रुपया. आठ आण्याचं जुनं नाणं. तुरीचा दाणा. एका सकाळी रेखाने स्वतः फोन केला. "भरली, काका. डॉक्टर म्हणाले, उद्यापासून अर्धा तास. फक्त अर्धा. तुम्ही येता का? दोरी तुम्ही बांधली आहे."

मी गेलो. गादी नीट बसवली, पायपट्ट्यांची उंची तिच्या चपलांवरून ठरवली, खुर्चीचा खाटेकडच्या बाजूचा हात काढला. संजयने तिला उचलायला हात पुढे केले, तिने नको म्हटलं आणि सरकफळीवरून स्वतः खुर्चीत आली. फळी खुर्ची आणि खाटेमध्ये पुलासारखी टाकतात, अंग ओढावं लागत नाही. मी घड्याळ काढून कोनाड्यात ठेवलं. दर दहा मिनिटांनी दोन्ही हातांवर जोर देऊन अंग उचलायचं आणि दहा अंक मोजायचे, हे तिला पुन्हा सांगितलं. ती मोजताना ओठ हलवत होती.

बारा मिनिटं झाली तेव्हा आबा मधल्या घरात उभे होते. ते कधी आले, कुणालाच कळलं नाही. ना चपलांचा आवाज, ना खाकरणं. चपला त्यांच्या हातात होत्या. घरात चोरासारखं शिरलेल्या माणसाचा चेहरा कसा असतो, तो मी तेव्हा पाहिला. रेखाचे हात ताबडतोब ब्रेकवर गेले. एक हात पदराकडे जाऊन परत खुर्चीच्या दांड्यावर आला. तिने फळीकडे पाहिलं, फळी खाटेखाली ठेवलेली होती. ती खाली झुकायला लागली.

मी बोलणार होतो. संजयही बोलणार होता. त्याआधी आबा बोलले. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत, पण तिला.

"रेखा. चहा टाक व. शेठ येल शेतस."

रेखा म्हणाली, "दूध नही शे, आबा."

"काया कर. साखर जास्ती टाक."

तिने ब्रेक सोडले. स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची वळवली, एकदा चुकली, चौकटीला ठक्‌कन लागली. मागे घेतली. आबांचा हात पुढे आला, ढकलायला. मी तो मनगटाशी धरला. "राहू द्या. जाऊ द्या तिला." दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा इंच होता. तिच्या बोटांची पेरं लाकडाला घासली आणि खुर्ची आत गेली.

काळा चहा आला तो संजयच्या हातून, कारण तीन कप घेऊन चाकं फिरवता येत नाहीत. ते पुढे कधीतरी शिकायचं. ती मागोमाग आली. मी घड्याळाकडे बोट दाखवलं. तिने कपाळाला आठी घातली, पण फळी मागितली आणि खाटेवर जाऊन पोटावर झाली, हनुवटी हातांवर ठेवून.

"उद्या किती, काका?"

"उद्याही अर्धाच."

"आणि परवा?"

मी उत्तर देण्याआधी आबांनी खाटेजवळ बैठक मारली, खाली, जमिनीवर, कप हातात घेऊन. "परवा पाऊन," ते तिला म्हणाले. मग माझ्याकडे वळून विचारलं, "व्हई का, शेठ?"